डावीकडचा समास

माझ्या बहिणीच्या नवऱ्याला आमच्या रस्त्यावर सगळे ओळंबा म्हणतात. भिंत सरळ उभी आहे की नाही हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून खाली सोडतो, तोच तो ओळंबा. हे नाव ठेवलं शेजारच्या गवंड्यानेच. तो एकदा कामाचं दरपत्रक टाइप करून घ्यायला आला होता आणि भावोजींनी सगळे आकडे एकाखाली एक असे उतरवले की तो कागद हातात धरून बघतच राहिला. म्हणाला, "मालक, तुम्ही चुकून या धंद्यात आलात." भावोजी हसले नाहीत. त्यांनी कागद त्याच्या हातातून परत घेतला, उजेडात धरला, "तिसरी ओळ केसभर बाहेर आहे" म्हणाले आणि पुन्हा कॉम्प्युटरपुढे बसले. गवंड्याला आणखी थोडा वेळ थांबावं लागलं.

आमचं दुकान जिन्याखालच्या खोलीत आहे. भिंतीला लागून भावोजींचं टेबल, त्यावर कॉम्प्युटर, बाजूला वरून कागद घालायचा जुना प्रिंटर आणि दाराशी माझं झेरॉक्सचं मशीन. मी लग्न केलं नाही. त्यावर इतरांनी इतकी चर्चा केली आहे की मी आता भर घालत नाही. ताईच्या घरात वरच्या खोलीत राहते आणि दिवसभर खाली झेरॉक्स काढते. म्हणून भावोजी मला नावाने हाक मारत नाहीत, झेरॉक्स म्हणतात. "झेरॉक्स, जरा इकडे ये. ही ओळ बघ, घुसमटलीये." मग मी उठायचं, ओळ बघायची आणि काही कळलेलं नसताना "हो ना, घुसमटलीये" म्हणायचं.

त्यांचे नियम फार. शीर्षक मधोमध आणायला जो स्पेसची कळ बडवत बसतो तो त्यांच्या लेखी माणसात जमा नाही. दोन्ही कडा सरळ केल्या की शब्दांमध्ये भोकं पडतात, म्हणून ते कुठे अक्षरांमधलं अंतर चिमूटभर घटवणार, कुठे वाढवणार. परिच्छेदाचा शेवटचा शब्द एकटाच खालच्या ओळीत पडला तर तो वर ओढून घेतल्याशिवाय चहाला हात लावणार नाहीत. आणि त्यांचा एक खेळ होता. मी कोरा कागद द्यायचा, त्यांनी पट्टी न लावता, नुसतं बघून, मधोमध पेन्सिलीने टिंब काढायचं. मग मी कागदाची घडी घालायची. घडी बरोबर टिंबावरून जायची. या पैजेत मी आजवर किती चहा हरले याचा हिशोब मी ठेवलेला नाही, त्यांनी ठेवला असेल.

एका सकाळी दुकानाचं शटर अर्ध्यावर अडकलं. भावोजी वाकून आत शिरले आणि आत पोचायच्या आधीच उभे राहिले. उजवीकडे, कानाच्या वर, खाडकन लागलं. चांगलं टेंगूळ आलं. "शटरला पोचा आला का ते बघ," ते मला म्हणाले. मी बर्फ लावला, ताईने हळद लावली, दोघींनी मिळून त्यांना बोलणी घातली. हृदयाच्या दुखण्यापासून ते रक्त पातळ ठेवणारी गोळी घेतात, ही गोष्ट त्या वेळी आम्हा दोघींपैकी एकीलाही आठवली नाही. टेंगूळ उतरलं आणि आम्ही विसरून गेलो.

कितीतरी आठवडे गेले. मग एक दिवस वकीलबाई भाडेकरार परत घेऊन आल्या. भांडायला नव्हे, त्यांचा आवाज अगदी नरम होता. "हे तुमच्याकडचं काम वाटत नाही हो," त्या मला म्हणाल्या. मी कागद बघितला. मजकूर उजवीकडे सरकला होता. डावीकडे दोन बोटांऐवजी चार बोटं पांढरी जागा आणि उजवीकडे अक्षरं कागदाच्या काठाला लागलेली. भावोजींना दाखवला तर त्यांनी एक नजर टाकली आणि म्हणाले, "बरोबर तर आहे."

आता हे ऐकून कोणाही शहाण्या माणसाने काय म्हणायला हवं होतं? आम्ही म्हटलं, प्रिंटर बिघडला. ओळंबा चुकतोय असं आमच्या मनातही येणं शक्य नव्हतं. जन्मभर आम्ही भिंती त्यांच्यावरून तपासल्या होत्या. मी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने झाकण काढलं, फुंकर मारली, आपला एक कागद काढून बघितला आणि खांदे उडवले. "मशीनमध्ये काही दोष नाही," तो म्हणाला. "पण तुम्हाला खटकतंच असेल तर कागदाच्या दोन्ही बाजूंच्या या पट्ट्या उजवीकडे सरकवा. कागद उजवीकडे गेला की छपाई आपोआप डावीकडे येते." त्या पट्ट्यांमध्ये धरूनच कागद आत जातो. भावोजी वर जेवायला गेले होते तेव्हा मी स्क्रू सैल केले, पट्ट्या दोन बोटं उजवीकडे घेतल्या आणि स्क्रू पिळले. पुढचा कागद अगदी मधोमध आला. मला माझीच शाबासकी द्यावीशी वाटली. भावोजींना सांगितलं नाही, कारण प्रिंटरला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना खपत नाही.

थोड्या दिवसांनी मजकूर परत उजवीकडे गेला. मी पट्ट्या आणखी बोटभर सरकवल्या. तो आणखी सरकला. मीही आणखी सरकवल्या.

याच सुमारास त्यांचं डोकं दुखायला लागलं. ताईने चष्म्याच्या दुकानात नेलं, नंबर थोडा वाढलाय म्हणून नवीन काचा बसवल्या. एकदा ते खाली आले तेव्हा उजवा गाल गुळगुळीत आणि डाव्या गालावर दाढीचे खुंट तसेच. "अर्धी सुट्टी घेतलीत का आज?" मी म्हटलं. त्यांना कळलंच नाही मी काय म्हणतेय. दुसऱ्या दिवशी आत येताना डावा खांदा चौकटीवर आपटला. मग एक दिवस ते उजव्या पायात चप्पल आणि डावा पाय अनवाणी असे जिना उतरून आले, खुर्चीवर बसले आणि कामाला लागले. यावर मी काहीही बोलले नाही. मी वर जाऊन त्यांची चप्पल आणली, टेबलाखाली ठेवली आणि मशीनपाशी येऊन उभी राहिले. माझ्या मशीनमध्ये कागद नव्हता आणि मी बटण दाबत होते.

भीती वाटली की मी जास्तच बोलायला लागते. त्या आठवड्यात मी गिऱ्हाईकांचं डोकं उठवलं. हवा, पाण्याचा नळ, समोरच्या घराचा नवा रंग, मिळेल तो विषय धरला. भावोजी आपलं टाइप करत होते आणि दर कागदाची मी आधी डावी कड बघत होते. ताईला सांगावं तर ती आधीच काळजीखोर. आणि सांगायचं तरी काय, की तुझ्या नवऱ्याचा समास वाढलाय?

मग पट्ट्या शेवटाला टेकल्या. मी स्क्रू सैल केले, ढकलल्या, त्या हलल्या नाहीत. पुढे जागाच नव्हती. हातात भावोजींनी नुकताच काढलेला अर्ज होता आणि त्याच्या डावीकडे तळहात मावेल एवढी जागा कोरी होती. ओळी अरुंद होऊन उजव्या काठाला दाटीवाटीने उभ्या होत्या. आणि आता मी पहिल्यांदाच तो अर्ज वाचला. ओळींची सुरुवातच टाइप झालेली नव्हती. "यांना विनंती" च्या आधीचा माणूस नव्हता, "पासून आजारी" च्या आधीची तारीख नव्हती. इतके दिवस मी कागदाच्या कडा बघत होते, आतलं कोणी वाचलं होतं?

मी चहा घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांच्या डाव्या बाजूला स्टूल ओढून बसले आणि कप त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला. ते पडद्याकडे बघत होते. वरच्या मोजपट्टीवर मजकुराची डावी कड सरकवायची जी खूण असते ती त्यांनी माऊसने धरली होती आणि हळूहळू उजवीकडे ओढत होते. सगळ्या ओळी तिच्याबरोबर सरकत होत्या. पडद्यावरचा अर्ध्याहून जास्त कागद पांढरा होता.

"आता बसलं मधोमध," ते स्वतःशीच म्हणाले. मग मान वळवली, उजवीकडे, दाराकडे. "झेरॉक्स? चहा आणतेस ना?"

मी त्यांच्या इतकी जवळ बसले होते की त्यांच्या सदऱ्याची बाही माझ्या हाताला लागत होती. "भावोजी," मी म्हटलं. त्यांनी पुन्हा उजवीकडेच बघितलं, दाराबाहेर, रस्त्यावर. "कुठे आहेस?" ते म्हणाले. "आवाज येतोय तुझा."

मला पळून जावंसं वाटलं, हे मी लपवत नाही. माझ्या भावोजींच्या जगातली अर्धी बाजू कोणीतरी उचलून नेली होती आणि मी त्या नेलेल्या बाजूला बसले होते. मी बोट पडद्याच्या डाव्या अंगाला ठेवलं. "इथे काय आहे?"

"कुठे?"

"इथे. माझं बोट आहे तिथे."

ते थोडा वेळ शोधत राहिले. मग जरा चिडूनच म्हणाले, "तुला आज काय झालंय? मला काम करू दे."

मी जिन्यातून ताईला हाक मारली ती अशी की समोरचे दोन दुकानदारही बाहेर आले.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी फार प्रश्न विचारले नाहीत. भावोजी आम्हा दोघींवर वैतागले होते, दुकान उघडं टाकून आलो म्हणून. बाईंनी एक कोरा कागद घेतला, त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक आडवी रेघ ओढली आणि पेन्सिल त्यांच्या हातात दिली. "काका, या रेघेचा मध्य दाखवाल का?"

भावोजी खुलले. इतक्या दिवसांत मी त्यांना असं खुललेलं बघितलं नव्हतं. "याला पट्टी लागत नाही मला," ते म्हणाले. "हिला विचारा. चहा हरून हरून दमली." त्यांनी मान थोडी कलती केली, नेहमी करतात तशी, एक डोळा बारीक केला आणि टिंब काढलं. "बरोबर मधोमध. घडी घाल गं, दाखव यांना."

टिंब रेघेच्या उजव्या टोकाला होतं. माझी दोन बोटं टेकवली असती तर पुढे रेघ उरली नसती. त्यांनी कागद माझ्यापुढे धरला होता आणि ते हसत होते. मी घडी घातली. दुसरं काय करणार? घडी रेघेच्या मधून गेली आणि टिंब दूर एका बाजूला राहिलं. मी तो कागद तसाच मिटून मुठीत धरला. "बरोबर आहे," मी म्हटलं. "एक चहा लागला तुमचा."

ताई भिंतीकडे तोंड करून उभी होती.

त्यांना आतल्या मशीनमध्ये नेऊन डोक्याचे फोटो काढले. बाहेर येऊन बाईंनी आम्हाला बाकावर बसवलं आणि सोप्या शब्दांत सांगितलं. डोळे चांगले आहेत. डोळ्यांना डावीकडचं दिसतंय, पण मेंदू तिकडे लक्षच देत नाही, त्यामुळे डावी बाजू आहे हेच त्यांच्या मनात नाही. उजवीकडे कवटीच्या आत रक्त साचलंय, मेंदू दाबला जातोय. आजकालचं नाही, बरेच दिवस थेंबाथेंबाने साचत आलंय. डोक्याला काही लागलं होतं का? मी आणि ताई दोघी एकदमच म्हणालो, "शटर." रक्त पातळ करायची गोळी घेतात का, असंही त्यांनी विचारलं आणि ताईने फक्त मान हलवली.

"छोटी भोकं पाडून ते रक्त काढावं लागेल. आजच," बाई म्हणाल्या. "उशीर झालाय. अजून थोडे दिवस गेले असते तर ते झोपले की उठले नसते. आता आशा आहे, पण खात्री मी देऊ शकत नाही."

त्यांना आत नेलं. जाताना ते ढकलगाडीवर झोपून मला सांगत होते की त्या अर्जातली शेवटची ओळ सैल आहे, माणूस घ्यायला आला तर देऊ नकोस. दार बंद झालं. आम्ही दोघी बाकावर बसलो. मला तोंड उघडवत नव्हतं, मला, जिला गप्प बसायला घरचे पैसे द्यायला तयार असतात. माझ्या डोळ्यांपुढे प्रिंटरच्या त्या पट्ट्या होत्या. प्रत्येक वेळी त्यांचा कागद मला ओरडून सांगत होता आणि प्रत्येक वेळी मी स्क्रू सैल करून त्याचं तोंड दाबलं होतं. शेवटी राहवेना. मी ताईला सगळं सांगितलं.

मला वाटलं, आता ही माझं तोंड बघणार नाही.

"ते ताटातलं डावीकडचं खात नव्हते," ती म्हणाली. "भाजी तशीच राहायची. मला वाटलं, चव आवडत नसेल. मग मी सगळं उजवीकडेच वाढायला लागले. सगळं उजवीकडे. पाण्याचा पेला पण." तिने पदर तोंडाला लावला. "खातात बघून बरं वाटायचं गं."

आम्ही एकमेकींचा हात धरून बसलो. लहानपणी अंधारात धरायचो तसा. कोणी दार उघडलं की दोघी उठायचो आणि ते दुसऱ्याच कोणाच्या माणसासाठी असायचं. मी आयुष्यात इतकी कधी घाबरले नाही. ते गेले तर काय, ही भीती होतीच. पण त्याहून मोठी एक भीती होती जी मी ताईला बोलून दाखवली नाही. ते परत येतील आणि असेच येतील, अर्धे, आणि आनंदात. टिंब काढतील, मी घडी घालीन, आणि जन्मभर बरोबर आहे म्हणत राहीन.

ऑपरेशन झालं. सुखरूप झालं, पण शुद्धीवर आल्यावरच कळेल, असं बाई म्हणाल्या. डोक्याला पट्टी बांधलेले भावोजी झोपले होते, चेहरा मेणासारखा. ताई त्यांच्या उजवीकडे बसली. मी खुर्ची उचलली आणि मुद्दाम डावीकडे जाऊन बसले. हाक मारायची नाही असं ठरवलं. हाक मारली असती तर त्यांनी आवाजावरून शोधलं असतं. मी श्वास धरून बसले.

त्यांनी डोळे उघडले. आधी छताकडे बघितलं. मग ताईकडे, बराच वेळ. मग छताकडे. मी हलले नाही. माझ्या नखांच्या खुणा तळहातावर उमटल्या होत्या. मग त्यांची मान हळूच वळली, डावीकडे, आणि त्यांचे डोळे माझ्यावर येऊन थांबले.

"झेरॉक्स," ते खोल गेलेल्या आवाजात म्हणाले, "दुकान कोणाच्या भरवशावर टाकून आलीस?"

मी रडले ती अशी की नर्सने मला बाहेर काढलं.

घरी सोडताना बाईंनी बजावलं होतं, पुन्हा साचू शकतं, लक्ष ठेवा. असं सांगितल्यावर माणसाने झोपावं कसं? ताई ताट समोर ठेवून ते कुठून खायला सुरुवात करतात ते बघायची. मी दाढी बघायची, चपला बघायची. ते म्हणायचे, "दोन बायकांचं पोलीस ठाणं झालंय घरात."

शेवटी दुकानात यायची परवानगी मिळाली. ते खुर्चीवर बसले, उशी मागे सरकवली, तो राहून गेलेला अर्ज पहिल्यापासून नवा टाइप केला. शीर्षक मधोमध घेतलं, ओळींमधलं अंतर बघितलं, एक एकटा शब्द वर ओढला. ताई दारात उभी होती. मी माझ्या मशीनशी चाळा करत होते. प्रिंटर घरघरला आणि कागद बाहेर आला. मी आधी झडप घालून उचलला.

डावीकडे समासच नव्हता. ओळींची पहिली अक्षरं कागदाच्या काठावर लटकत होती आणि उजवीकडे तळहात मावेल एवढी जागा पांढरीफटक.

आता दुसरी बाजू गेली. एक परत आली आणि दुसरी गेली. मी कागद पाठीमागे धरला. ताईने माझं तोंड बघितलं आणि चौकट घट्ट पकडली.

"दे इकडे," भावोजी म्हणाले.

"काही नाही, कागद चुरगळलाय जरा."

"दे."

मी दिला. त्यांनी तो उजेडात धरला. कपाळाला आठ्या पडल्या. कागदाकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं, परत कागदाकडे. मग उठले, प्रिंटरपाशी वाकले आणि बोटाने चाचपत राहिले. मी ताईकडे बघितलं नाही. मला बघवलंच नसतं.

"या पट्ट्या कोणी हलवल्या?"

मी माझ्या मशीनचं झाकण उघडून पुन्हा बंद केलं.

"पार टोकाला नेऊन ठेवल्यात. आंधळ्यालाही दिसेल. कोणाचा उद्योग हा?"

"माझा," मी म्हटलं.

"का?"

ताईच म्हणाली, "तिला वाटलं, प्रिंटर बिघडलाय."

भावोजींनी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. त्यांना किती कळलं ते मला ठाऊक नाही. त्यांनी स्क्रू सैल केले आणि दोन्ही पट्ट्या डावीकडे आणल्या. पट्टी न लावता, नुसतं बघून, जिथे त्या वर्षानुवर्षं होत्या आणि प्लास्टिकवर त्यांच्या रेघा उमटल्या होत्या, बरोबर तिथे. स्क्रू पिळले. पुन्हा कागद घातला.

या वेळी मी कागद घेतला, दोन्ही टोकं जुळवली आणि घडी घातली. घडी शीर्षकाच्या मधल्या अक्षरावरून गेली.

"अगं, गिऱ्हाईकाचा कागद आहे तो," भावोजी म्हणाले. "घडी कशाला घातलीस?" आणि माझ्याकडे बघत बघत त्यांनी दुसरा काढला.